अनोळखी सुताची परीक्षा : विणकाम मशीनवर चढवण्याआधी

आज आम्ही दोघी विणकामाबद्दल बोलणार आहोत, पण टाक्यांबद्दल कमी आणि सुताबद्दल जास्त. तेही साध्या, सुती धाग्याबद्दल. लोकर विणणाऱ्यांना सूत सोपं वाटतं. आम्हालाही वाटायचं. त्या वाटण्याची किंमत आम्ही मोजलेली आहे, म्हणून आधी तीच गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्हाला एका दुकानाची ऑर्डर मिळाली होती. लहान बाळांचे २० सुती स्वेटर. सूत बाजारातून आणलं, कोनावर होतं, हाताला मऊ होतं. मशीनवर एक चौकोन विणून बघितला, पट्टी लावून माप घेतलं, त्यावरून टाके-ओळींचा हिशेब केला आणि २० स्वेटर विणून दिले. दिसायला अगदी देखणे. महिन्याभरात १४ परत आले. एकेक धुणं झालं होतं. लांबी एवढी आटली होती की बाळाचं पोट उघडं पडत होतं, आणि रुंदी मात्र होती तेवढीच, उलट थोडी जास्तच. वर बाजूची शिवण फिरून पुढे पोटावर आलेली. दुकानदार काका रागावले नाहीत, ते एवढंच म्हणाले, "ताई, तुमच्याकडची बाळं आडवी वाढतात का?"

हसू आलं, पण पैसे परत करावे लागले. आणि नंतर कळलं की चूक विणण्यात नव्हतीच. आम्ही जे माप घेतलं होतं ते कापडाचं नव्हतं, ते मशीनवर ताणलेल्या धाग्याचं होतं.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या जवळच्या एका वृद्धाश्रमातून विचारणा झाली. १२ आजींसाठी पुढून उघडणारे, बटणांचे स्वेटर हवे होते. पुण्याची थंडी फार नसते, पण पहाटे बोचते. आम्ही म्हटलं, लोकरीचे करू. तिथल्या एक आजी लगेच म्हणाल्या, "लोकर नको गं बाई, अंगाला टोचते. आणि इथलं धुणं बघितलंयस का? सगळ्यांचं एकत्र, कढत पाण्यात. लोकरीचा पार गोळा होतो." म्हणजे सुतीच हवे. त्याच सुमारास एका ओळखीच्यांनी गोदाम रिकामं करताना पाच कोन सूत आम्हाला फुकट दिलं. मळकट पांढरं. कोनावर ना चिठ्ठी, ना काउंट, ना कंपनीचं नाव. कोनाच्या पुठ्ठ्यांचं वजन वजा जाता २.८ किलो भरलं.

फुकटचं सूत आणि १२ स्वेटर. आता हे सूत पुरेल का, आणि त्या कढत धुण्यात टिकेल का, हे दोन प्रश्न. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात लपलेलं असतं, हे आम्हाला या खेपेला कळलं. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी हे सूत आहे तरी का, ते बघायचं. जाळून बघणं सगळ्यांना माहीत असतं. स्टीलच्या ताटलीत, शेजारी पाण्याचा पेला ठेवून, चिमट्यात बोटभर धागा धरायचा आणि पेटवायचा. सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा, ज्योत विझली तरी टोक निखाऱ्यासारखं धुमसतं आणि मागे उरते ती भुरभुरीत राखाडी राख. पॉलिएस्टर असेल तर धागा ज्योतीपासून आक्रसून मागे पळतो, वितळतो, काळा धूर येतो आणि शेवटी टणक मणी राहतो. मिश्रण असेल तर राखेत बोटाला खडे लागतात. आमच्या धाग्याची स्वच्छ राख झाली.

पण इथे एक फसगत आहे. व्हिस्कोस, म्हणजे ज्याला आपण रेयॉन म्हणतो, तेही अगदी असंच जळतं, कारण तेही मुळात सेल्युलोजच. मग ओळखायचं कसं? धागा ओला करून. सूत ओलं झालं की जास्त मजबूत होतं, आणि व्हिस्कोस ओलं झालं की त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते. वीतभर कोरडा धागा दोन्ही हातांनी ताणून तोडा, मग तेवढाच भिजवून तोडा. ओला धागा सहज तुटला तर सावध व्हा. आमचा ओला धागा तुटता तुटेना, बोटाला वळ उठला. हीच परीक्षा करताना दुसरी एक गोष्ट सापडली. एका कोनाच्या तळाचा भाग दोन्ही वेळा पटकन तुटत होता. गोदामात ओल लागली असणार, वासही कुबट येत होता. तेवढं १०० ग्रॅम सूत बाजूला काढलं. एकाच कोनाच्या वरच्या टोकाची परीक्षा करून भागत नाही, हे लक्षात ठेवा. पाच कोन असतील तर पाचही कोन बघायचे.

मग जाडी. बाजारात सुताला काउंट म्हणतात. वीसचा, तीसचा, चाळीसचा. काउंट वाढला की धागा बारीक होतो, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. त्याचं कारण जुन्या इंग्रजी पद्धतीत आहे. ८४० यार्डांची एक लड, आणि एका पौंडात अशा किती लडी बसतात तो आकडा म्हणजे काउंट. जास्त लडी बसल्या म्हणजे धागा बारीक. मीटर आणि ग्रॅममध्ये आणायचं तर सोपा हिशेब असा : मीटरला ग्रॅमनी भागायचं आणि ०.५९ ने गुणायचं.

आम्ही खुर्चीच्या पाठीला धागा गुंडाळून १०० मीटर मोजला. खुर्चीचा वेढा आधी टेपने मोजून घ्या, आणि धागा ताणू नका, नुसता टेकवत जा. सोन्याचांदीचं वजन करायला जो छोटा काटा मिळतो त्यावर ठेवला. ५.९ ग्रॅम. १०० भागिले ५.९ गुणिले ०.५९, म्हणजे बरोबर १०. पण धाग्याचा पीळ उलटा सोडवला तर आत दोन पदर निघाले. म्हणजे वीसच्या काउंटचे दोन पदर एकत्र पिळलेले. व्यापारी याला '२/२०' लिहितात.

आता इथे थोडं थांबतो, कारण या २/२० ने भल्याभल्यांना चकवलंय. लोकरीचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा धागा घेता तेव्हा त्याच्यावरही २/२० असं लिहिलेलं असू शकतं. तो काउंट बहुतेकदा मेट्रिक असतो. एका किलोत किती हजार मीटर, असा. मेट्रिक २/२० चा धागा किलोला १०,००० मीटर भरतो. सुताचा २/२० किलोला जवळजवळ १७,००० मीटर. चिठ्ठीवर आकडा तोच, आणि धागा मात्र पुष्कळ बारीक. लोकरीच्या अंदाजाने सूत मागवलं की पार्सल उघडल्यावर तोंड उतरतं. म्हणून चिठ्ठी असली तरी काटा वापरा.

आमचं मशीन घरगुती, साधं. एका ओळीत २०० सुया, दोन सुयांमधलं अंतर ४.५ मिलिमीटर. या मशीनला आमचा एकेरी २/२० फार बारीक, कापड मच्छरदाणीसारखं झालं असतं. दोन कोनांमधून दोन धागे एकत्र घ्यायचे असं ठरलं.

काउंट कळला, तरी सूत कशासाठी कातलं होतं ते कळत नाही. हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. इचलकरंजीत जे सूत लागतं ते मागावर विणण्यासाठी, तिरुपूरला जे लागतं ते बनियन-टीशर्टसाठी. मागावरच्या ताण्याच्या सुताला ओढ सोसायची असते, म्हणून त्याला पीळ जास्त. होजिअरीच्या सुताला सुईभोवती वळायचं असतं, म्हणून पीळ कमी, धागा मऊ, आणि बऱ्याचदा मेण लावलेलं. मागाचं सूत विणकाम मशीनवर चालत नाही असं नाही, पण कापड कडक होतं आणि तिरकं फिरतं.

पीळ कळायला काही यंत्र लागत नाही. हातभर धागा घ्या, दोन्ही टोकं धरा आणि हात जवळ आणा. मधला भाग खाली लोंबेल. तो शांत लोंबला तर ठीक. तो स्वतःभोवतीच गरगर फिरून जुन्या टेलिफोनच्या वायरसारखा झाला तर त्या धाग्यात पीळ जिवंत आहे, आणि तो कापडात गेल्यावर तिथेही फिरणार. बाळांच्या स्वेटरची शिवण पोटावर का आली, ते इथे आहे. ते सूत एकपदरी होतं. पदर एका दिशेला कातलेले आणि एकत्र उलट्या दिशेला पिळलेले असले की दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात. आमचा दोनपदरी धागा अर्धा वेढा घेऊन थांबला. चालेल.

खळ आहे का, तेही बघितलं. मागासाठी सुताला पिठाची खळ देतात. टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. निळाकाळा डाग पडला तर खळ आहे, आणि ती आधी धुवून काढावी लागेल. आमच्याकडे डाग पिवळट तपकिरीच राहिला.

शेवटचा थेंब पाण्याचा. ही परीक्षा आम्हाला सर्वांत आवडते. धाग्याचा छोटा गुंडा करून त्यावर पाण्याचा थेंब सोडायचा. उकळून, धुवून तयार केलेलं सूत असेल तर पाणी लगेच शोषतं. आमच्या गुंड्यावर थेंब अळूच्या पानावर बसावा तसा बसून राहिला. म्हणजे हे सूत कोरं होतं. कापसाच्या तंतूवर त्याचं स्वतःचं नैसर्गिक मेण असतं, ते अजून निघालेलं नव्हतं. मळकट रंगही त्याचाच.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं, मग आधी सगळं सूत उकळून घेऊ. नाही केलं, आणि बरं झालं. ते मेण सुईवरून धागा घसरायला मदत करतं. रंगवलेलं, ब्लीच केलेलं सूत मशीनवर करकरतं, त्याला वरून मेणबत्तीचा तुकडा घासावा लागतो. कोऱ्या सुताला हे कष्ट नाहीत. आधी विणायचं, मग उकळायचं. मात्र याचा अर्थ असा की सुईवरून जे कापड उतरेल ते अजून अर्धंकच्चंच असेल. खरं कापड पातेल्यातून बाहेर येईल.

आता नमुन्याचा चौकोन. यात आम्ही बराच वेळ घालवतो, तुम्हीही घालवा.

चौकोन छोटा विणायचा नाही. कडेचे टाके नेहमी खोटं बोलतात, सैल किंवा आवळ असतात. ६० सुया घ्यायच्या. सुरुवात आणि शेवट दुसऱ्या रंगाच्या टाकाऊ धाग्याने करायचा, टाके बंद करायचे नाहीत, नाहीतर कड आवळते आणि चौकोन पतंगासारखा होतो. मधल्या सुईपासून डावीकडे २१ व्या आणि उजवीकडे २१ व्या सुईवर रंगीत दोऱ्याची खूण करायची. या दोन खुणांच्या मध्ये ४० टाके राहतात. थोड्या ओळी विणून एक रंगीत ओळ, मग ६० ओळी, मग पुन्हा एक रंगीत ओळ. आपण मोजणार ते फक्त मधले ४० टाके आणि ६० ओळी.

असे तीन चौकोन केले. टेन्शनची चकती एकदा ४ वर, एकदा ५ वर, एकदा ६ वर. कोणता चौकोन कुठला हे धुतल्यावर कळत नाही, म्हणून प्रत्येकात तेवढी भोकं विणून ठेवली. चारच्या चौकोनात चार, पाचच्यात पाच. कागदाची चिठ्ठी टाचून ठेवणारी माणसं आम्ही बघितली आहेत, मग ती चिठ्ठी मशीनच्या गाळणीतून काढत बसतात.

सुईवरून उतरल्यावर चारचा चौकोन आम्हाला दोघींनाही सर्वांत छान वाटला. घट्ट, नीटस. पाचचा जरासा झिरझिरीत. सहाचा तर बोट आरपार जाईल असा. त्या क्षणी निर्णय घेतला असता तर चार घेतला असता.

पाचच्या चौकोनाचं माप लिहून ठेवलं : ४० टाके १३ सें.मी., ६० ओळी १६.२ सें.मी. मग धुणं. पहिलं आमच्याकडे, पातेल्यात धुण्याचा सोडा घालून उकळून. पाणी चहासारखं झालं. पुढची दोन धुणी मात्र आम्ही केली नाहीत. चौकोन एका उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड शिवून वृद्धाश्रमात दिले आणि तिथल्या धुण्याच्या मावशींना सांगितलं, "मावशी, यांना मुद्दाम जपायचं नाही. बाकीच्या कपड्यांबरोबर जसे जातील तसे जाऊ द्या." त्या म्हणाल्या, "जपायला वेळ कुणाला आहे?" पावसाळ्याचे दिवस होते, म्हणून तिथे ड्रायर चालू होता. आम्हाला हवंच होतं ते. आपल्या घरच्या नाजूक धुण्यात टिकलेला नमुना काही सांगत नाही. जिथे कपडा आयुष्य काढणार आहे तिथलं धुणं त्याने बघायला हवं.

पहिल्या उकळीनंतर ६० ओळी १६.२ वरून १४.७ वर आल्या. दुसऱ्या धुण्यानंतर १४.४. तिसऱ्यानंतर १४.३, आणि तिथे थांबल्या. रुंदी १३ ची १३.२ झाली. म्हणजे लांबीत जवळजवळ १२ टक्के आटलं आणि रुंदीत किंचित पसरलं. तीच ती आडवी वाढणारी बाळं.

असं का होतं? इथे थोडं शास्त्र लागतं, पण ते सोपं आहे. मशीनवर कापडाला खालून वजनं लावलेली असतात. प्रत्येक टाका उभा ताणला जातो, लांबट होतो. लोकरीचा धागा लवचिक, तो सुटल्यावर बराचसा आपला आपण जागेवर येतो. सूत तसं नाही. सुताला ताणलेलं राहायची सवय लागते, आणि टाके एकमेकांत अडकून पडतात. पाणी, उष्णता आणि मशीनची घुसळण मिळाली की ते सुटतात आणि प्रत्येक टाका आपल्या निवांत आकाराला येतो, उंचीने बुटका. धागा तेवढाच असतो, टाक्याचा आकार बदलतो.

धागा तेवढाच असतो, हे वाक्य आम्हाला एका जुन्या संशोधनातून मिळालं. मुंडेन नावाच्या संशोधकाने १९५९ मध्ये साध्या विणीच्या भूमितीवर निबंध लिहिला. त्याचा गाभा असा की कापड निवांत झाल्यावर सेंटिमीटरला किती टाके आणि किती ओळी बसतील, हे मुख्यतः एका टाक्यात किती लांबीचा धागा गेला आहे त्यावर ठरतं. मशीन कुठलं, वजन किती लावलं, हे सगळं दुय्यम. आपण चकती फिरवतो म्हणजे टेन्शन ठरवतो असं म्हणतो, पण खरं तर आपण एका टाक्याला किती धागा द्यायचा ते ठरवत असतो.

याचा घरगुती उपयोग मोठा आहे. न धुतलेल्या तुकड्यातून ४० टाक्यांची एक ओळ उसवा, धागा नुसता सरळ करून मोजा. आमचा ५४ सें.मी. भरला. ५४ भागिले ४०, एका टाक्याला १.३५ सें.मी. हा आकडा वहीत लिहिला. पुढे स्वेटर विणताना मशीन तापलं, सुया तेल मागू लागल्या, दुसरा कोन लावला, की कापडाचं माप हलतं आणि आपण घाबरतो. तेव्हा एक ओळ उसवून मोजायची. ५४ आली तर काही बिघडलेलं नाही, धुतल्यावर सगळं जागेवर येणार. ५२ आली तर चकतीकडे बघायचं. पट्टीपेक्षा ही खूण कितीतरी विश्वासाची.

धुतलेल्या तीन चौकोनांपैकी चारचा पुठ्ठ्यासारखा झाला होता. पायपुसण्याला बरा. सहाचा भरला होता, पण बांगडी, बटण, काहीही अडकेल असा. पाचचा चौकोन मऊ, भरीव, पुरेसा पडणारा. म्हणजे ज्याला आम्ही झिरझिरीत म्हणून नाकारणार होतो तोच घ्यायचा होता. कोऱ्या सुताचं कापड सुईवर असताना जरा सैल वाटायलाच हवं, एवढं आम्ही आता ठामपणे म्हणतो.

आणि आता सुरुवातीचा प्रश्न, सूत पुरेल का.

एका स्वेटरला, बाह्या, पुढच्या पट्ट्या, शिवण आणि गाठी धरून, साधारण १.१५ चौरस मीटर कापड लागतं असा आमचा हिशेब आहे. न धुतलेल्या मापाने एका चौरस मीटरला १८१ ग्रॅम धागा लागत होता. म्हणजे स्वेटरला २०८ ग्रॅम, १२ स्वेटरना २.५ किलो. आमच्याकडे कुजका भाग आणि नमुने वजा जाता २.६५ किलो उरलं होतं. आरामात बसत होतं.

धुतलेल्या मापाने काय होतं बघा. तेवढ्याच लांबीत आता जास्त ओळी लागणार. ६० सें.मी. उंचीच्या स्वेटरला आधीच्या मापाने २२२ ओळी, धुतलेल्या मापाने २५२. त्या ३० ओळी विणल्या नाहीत तर पहिल्या काही धुण्यांतच स्वेटर ७ सें.मी. आखूड. आणि विणल्या तर चौरस मीटरला २०३ ग्रॅम, स्वेटरला २३३, आणि १२ स्वेटरना २.८ किलो. दीडशे ग्रॅम कमी.

म्हणजे न धुता हिशेब केला असता तर १२ स्वेटर पुरले असते, आणि १२ ही आजींना आखूड झाले असते. धुवून हिशेब केला तर अकराच होत होते. तसलंच सूत बाजारात शोधायची सोय नव्हती, कारण कोनावर नावच नाही. आणि काउंट जुळला तरी दुसऱ्या लॉटचं कोरं सूत वेगळ्या छटेचं निघतं, आटण्यातही फरक पडू शकतो. एकाच स्वेटरमध्ये दोन लॉट मिसळणं आम्हाला पटत नाही.

आम्ही जाऊन सरळ सांगितलं की चार स्वेटर बिनबाह्यांचे होतील. अवघड गेलं सांगताना, कारण कुणाला बाह्या आणि कुणाला नाही हे ठरवणार कोण? पण ते आमच्याआधीच ठरलं. स्वयंपाकघरात मदत करणाऱ्या तिघी आजी म्हणाल्या, आम्हाला बिनबाह्यांचेच द्या, पोळ्या लाटताना बाह्या सारख्या वर कराव्या लागतात. चौथीसाठी जरा वाट बघावी लागली. ज्यांनी लोकर नको म्हटलं होतं त्याच आजी शेवटी म्हणाल्या, "माझाही बिनबाह्यांचा कर. शाल आहे माझ्याकडे."

विणताना दोन गोष्टी जाणवल्या, त्या पटकन सांगतो. दोन धागे एकत्र असल्यामुळे कधीकधी सुई एकच धागा उचलते आणि दुसरा मागे लोंबतो. दर १०-१५ ओळींनी कापड उजेडात धरून बघावं. आणि कोरड्या दिवसांत सूत जास्त तुटतं, पीस जास्त उडतं. सूतगिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवतात ती उगाच नाही. आम्ही मार्चमध्ये मशीनजवळ ओला टॉवेल वाळत टाकत होतो.

मनगटाच्या आणि कंबरेच्या पट्टीचं सांगायला हवं. सुती पट्टी लोकरीसारखी परत आवळत नाही. आठ दिवसांत बाही हातावर कर्ण्यासारखी उघडते. पट्टीला चकती दीड-दोन आकड्यांनी खाली आणली, तरी पूर्ण समाधान झालं नाही. तिथे आतून बारीक इलॅस्टिकचा दोरा ओवला. हे शुद्ध विणकाम नाही असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

सगळे स्वेटर शिवून झाल्यावर, द्यायच्या आधी आम्हीच सोड्यात उकळले आणि दोनदा गरम पाण्यात धुतले. आटायचं असेल तर आमच्या घरी आटू दे. पाठीची उंची ६० हवी होती, ५९ ते ६०.५ च्या मध्ये सगळे आले.

आता दोन प्रश्न आलेत. पहिला, हातविणीला हे लागू पडतं का? हो, फक्त हातविणीत वजनं नसतात म्हणून सुरुवातीचा ताण कमी, त्यामुळे लांबीतला फरकही सहसा कमी पडतो. पण कोरं सूत असेल तर धुवूनच मोजा.

दुसरा प्रश्न, नमुना धुण्याऐवजी वाफेची इस्त्री फिरवली तर चालेल का? घाई असेल तेव्हा आम्हीही फिरवली आहे. वाफेने टाके थोडे सुटतात, चौकोन थोडा आखडतो, आणि आपल्याला वाटतं झालं. पण आमच्या याच सुताचा एक तुकडा आम्ही नुसता वाफवून बघितला होता, तो उकळलेल्या तुकड्याच्या निम्माही आटला नव्हता. वाफेत घुसळण नसते, आणि तंतूवरचं मेणही तिथेच राहतं. शिवाय धाग्यात अ‍ॅक्रिलिक असेल तर वाफेने तो कायमचा लुळा पडतो, मग तो नमुना कशालाच उपयोगी नाही. आधी जाळून बघा, मग इस्त्री तापवा. ते तीन चौकोन आम्ही आज बरोबर आणलेत, इथे टेबलावर ठेवतो. चारचा कुठला आणि सहाचा कुठला ते भोकं मोजून ओळखा, आणि हात लावून बघा.